एकतीस इंचाची मुलं

रबाळ्याच्या एमआयडीसीत, एका रंगाच्या कारखान्यामागच्या गाळ्यात, शाळेचे गणवेश शिवायचं एक युनिट होतं. खाली कटिंगचं लांबलचक टेबल आणि मशिनांच्या दोन रांगा, वर पत्र्याखाली पोटमाळा. त्या पोटमाळ्यावर मी चार वर्षं बसले. लॉकडाऊनच्या आधीची चार वर्षं. आता मी ऐरोलीला काचेच्या इमारतीत बसते आणि कंपन्यांचे आकडे एका पडद्यावर चित्रांत दाखवणारे डॅशबोर्ड बनवते. मॅडम हे कुठे शिकल्या असं कोणी विचारलं तर ऑफिसातली मुलं वाशीच्या क्लासचं नाव सांगतात. तो क्लास तीन दिवसांचा होता. बाकीचं मला एका कटिंग मास्तरांनी आणि शिरवणे गावच्या एका ताईंनी शिकवलं, आणि त्या दोघांनी कधी कीबोर्डला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

मी तिथे लागले ती डेटा एन्ट्रीला. मुलगी ज्युनिअर केजीत होती, आमचा फ्लॅट नेरूळला, आणि कामाची वेळ तिच्या शाळेशी जुळत होती. विचार काय तो एवढाच. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमची माणसं शाळाशाळांतून जाऊन मुलांची मापं घ्यायची. छाती, खांदा, बाही, कंबर. प्रत्येक मुलाचं एक पिवळं कार्ड, आणि कार्डाच्या कोपऱ्यात माप घेणाऱ्याचा नंबर. एक नंबर ताईंचा, दोन नंबर सेल्सच्या माणसाचा. माणूस कमी पडला की मला पाठवायचे, म्हणून तीन नंबर माझा. कार्डं गठ्ठ्याने पोटमाळ्यावर यायची, मी ती संगणकात भरायची, आणि त्यावरून कुठल्या नंबरचे किती शर्ट कापायचे ते ठरायचं. शर्टाचे नंबर सगळे सम. अठ्ठावीस, तीस, बत्तीस. छाती मधल्या मापाची आली तर वरचा नंबर द्यायचा, म्हणजे एकतीस इंचाच्या मुलाला बत्तीसचा शर्ट.

दुपारी कटर मशीन थांबलं की खालून नव्या कापडाचा कांजीसारखा वास वर यायचा. इस्त्रीची वाफ, मशिनचं तेल आणि चहा, सगळं एकत्र. आता कुठल्याही कापडाच्या दुकानात शिरले तरी मी दारात क्षणभर थांबते.

मास्तर साठी ओलांडलेले होते, सोलापूरकडचे. शेठच्या वडिलांनी युनिट सुरू केलं तेव्हा त्यांनी मास्तरांना गावाहून आणलं होतं. गळ्यात टेप, कानावर खडू. कापड ज्यावरून कापतात ते पुठ्ठ्याचे फर्मे त्यांच्या मागे खिळ्यांवर ओळीने टांगलेले असायचे, आणि त्यांच्या कडा झिजू नयेत म्हणून मास्तरांनी त्या चिकटपट्टीने मढवल्या होत्या. माझ्याशी ते फारसं बोलायचे नाहीत. "मॅडम, तीसचे किती?" आणि "मॅडम, बत्तीसचे किती?" एवढंच जिन्याखालून ओरडून विचारायचे.

माझ्या दुसऱ्या वर्षी जूनमध्ये तक्रारी सुरू झाल्या. शर्ट छातीत घट्ट होतायत. उलव्याच्या एका नव्या शाळेतून तर पोतंभर शर्ट परत आले. आया गाळ्याच्या दारात येऊन मास्तरांना ताणलेली बटणं दाखवायच्या. मास्तर शर्ट टेबलावर पसरून टेप लावायचे. एखादा बरोबर भरायचा, एखादा पाव इंच कमी. एकदा धुतलेल्या कापडावरून कोणाचंच काही सिद्ध होत नव्हतं. मास्तर मान खाली घालून शिवणीवरून अंगठा फिरवत राहायचे, आणि आई दुसऱ्या आईकडे बघायची.

शेठ चाळिशीतला, वडिलांचा धंदा नुकताच हातात आलेला. त्याने कुठल्याशा प्रदर्शनातून आकड्यांचे चार्ट काढून देणारं बिझनेस इंटेलिजन्सचं एक सॉफ्टवेअर आणलं होतं आणि मला वाशीला क्लासला पाठवलं होतं. पुढच्या सीझनच्या आधी, जानेवारी संपता संपता, तो पोटमाळ्यावर आला आणि माझ्या टेबलावर टेकला.

"फर्मे झिजलेत," तो हळू आवाजात म्हणाला. "मास्तरांची नजर पण गेलीय. मी एक माणूस बघितलाय, तो कॉम्प्युटरवर फर्मे काढतो. पण आमचे पप्पा ऐकत नाहीत. म्हणतात, जुना माणूस आहे, पुराव्याशिवाय बोलायचं नाही. तर तू मला चार्ट काढून दे. मापं बरोबर होती एवढं दिसलं पाहिजे. मग मागे राहतं काय? कटिंग."

मी हो म्हणाले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, खरं सांगायचं तर मी मास्तरांचा विचारच केला नाही. मला नवीन शिकलेलं कुठेतरी वापरायचं होतं.

पहिला हिस्टोग्राम मी अर्ध्या दिवसात काढला. मापांचे दोन-दोन इंचांचे गट करायचे, प्रत्येक गटात किती मुलं पडतात ते मोजायचं आणि तेवढ्या उंचीचा खांब उभा करायचा. डावीकडे लहान मुलांचे बुटके खांब, मध्ये उंच, पुढे पुन्हा उतरते. स्क्रीनवर एक सुबक टेकडी उभी राहिली. नीट घेतलेल्या मापांचा आकार असाच येतो, असं मी क्लासमध्ये शिकले होते. शेठ खूश झाला. "म्हणजे मापं ओके," तो म्हणाला. "आता असं कर, शाळेचं नाव दाबलं की त्या शाळेचा चार्ट यायला पाहिजे. मुलगे वेगळे, मुली वेगळ्या. पप्पांसमोर लाइव्ह दाखवू."

ते मात्र अर्ध्या दिवसाचं काम नव्हतं. शाळा, इयत्ता, मुलगे-मुली यांचे फिल्टर लावले तशी टेकडी हलायला लागली. पण पहिलीच्या मुलांना दोन इंचांचे गट फार मोठे पडायचे, सगळी मुलं दोनच खांबांत कोंबली जायची. गट लहान-मोठे करता यायला हवे होते, आणि सॉफ्टवेअरमध्ये गट एकदा ठरवला की ठरला. चार दिवस मी त्याच्याशी झगडले. शेवटी आकड्यांची एक वेगळी यादी केली, वीसपासून चाळीसपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या इंचाने. एक स्लायडर ठेवला, आणि एक सूत्र लिहिलं की स्लायडरवर जेवढी रुंदी असेल तेवढ्या टप्प्यात किती मुलं बसतात ते मोज. स्लायडर सरकवला आणि जाड खांब फुटून बारीक झाले, तेव्हा मी पोटमाळ्यावर एकटीच टाळी वाजवली. खालून कोणीतरी विचारलं, "काय झालं मॅडम, पाल पडली काय?"

शेठचे पप्पा येणार होते त्याच्या आठवडाभर आधी मास्तर जिना चढून वर आले. त्या दोन वर्षांत ते पहिल्यांदाच वर आले होते. जिन्याला कठडा नव्हता, ते भिंतीला हात लावून आले आणि दारात उभे राहिले.

"ते चित्र काढलंय म्हनं तुमी. माज्याबद्दल."

"तुमच्याबद्दल नाही, मास्तर. मापांबद्दल."

"मग बगू द्या की."

मी खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत. माझ्या खांद्यामागे उभं राहून त्यांनी चष्मा वर-खाली केला. मी त्यांना टेकडी दाखवली, फिल्टर दाबून दाखवले. शाळा बदलली की खांब कसे वरखाली होतात ते बघून ते लहान मुलासारखे हसले. मग म्हणाले, "ती उलव्याची साळा दावा. जितनं शर्ट परत आले."

मी ती शाळा निवडली. स्लायडर अर्ध्या इंचावर होता. टेकडी तशीच सुबक राहिली, फक्त खांब थोडे. मास्तर पुढे वाकले आणि खांबांखालचे आकडे बोटाने वाचायला लागले.

"अठ्ठावीस. तीस. साडेतीस. बत्तीस." बोट थांबलं. "एकतीस कुटाय?"

"त्या मापाची मुलं नसतील."

"एकोनतीस?"

"ती पण नसतील."

"आवं मॅडम, येवढ्या पोरांत एकतिसाचं एक बी पोरगं न्हाई? देवानं पोरं काय शर्टाच्या नंबरावर जन्माला घातली?"

मी खांबांखालचे आकडे पुन्हा वाचले. मग लक्षात आलं. ज्या गटात एकही मूल नाही तो गट सॉफ्टवेअर आपणहून गाळत होतं आणि उरलेले खांब एकमेकांना चिकटवून उभे करत होतं. मधली भोकं दिसतच नव्हती. क्लासमध्ये सांगितलं होतं, रिकामे गट दाखवायचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो. मी तो चालू केला.

टेकडी मोडली. खांब, मोकळी जागा, खांब, मोकळी जागा. दात पडलेल्या फणीसारखं काहीतरी स्क्रीनवर आलं. मास्तरांनी तोंडाने च्च असा आवाज काढला.

"हे पोरांचं माप न्हाई," ते म्हणाले. "हे टेपवाल्याचं माप हाय. कुनीतरी एकतिसाला तीस लिवलंय, एकोनतिसाला अठ्ठावीस. मग शर्ट घट्ट हुनारच की. कुनी घेतली मापं हितं?"

त्या शाळेत आम्ही दोघं गेलो होतो, सेल्सचा माणूस आणि मी. कार्डावरचा नंबर डेटात होता. एक फिल्टर टाकला असता की तिथल्या तिथे कळलं असतं. मी म्हणाले, "बघावं लागेल, मास्तर. उद्या सांगते."

ते "बरं" म्हणाले आणि भिंतीला हात लावत उतरून गेले.

जेवणाच्या सुट्टीत, सगळे खाली डबे उघडून बसले होते तेव्हा, मी तो फिल्टर टाकला. एक नंबर दाबला. ताईंच्या सगळ्या शाळा आल्या. साडेएकोणतीस, तीस, साडेतीस, एकतीस, सगळे गट भरलेले, टेकडी जराशी ओबडधोबड पण सलग. दोन नंबर दाबला. सेल्सच्या माणसाची मापं. काही विषम आकडे कमी, काही होते, साडेतिसाचा एक खांब. मग तीन नंबर. माझा. एकही विषम आकडा नाही. अर्धा इंच तर औषधालाही नाही.

मला तो दिवस आठवला. शाळेचा हॉल नवा होता, पंखे अजून बसवले नव्हते. मुलांची रांग संपत नव्हती आणि माझी मुलगी शेजारणीकडे होती, तिला तीन वाजेपर्यंत घ्यायचं होतं. सुरुवातीची पंधरा-वीस मुलं मी नीट मोजली असतील, पण लिहिताना मनात आलं, शर्ट तर सम नंबरचेच होणार, मग एकतीस लिहून काय करायचं. तीस. पुढचा. अठ्ठावीस. पुढचा. पुढच्या शाळांतही मी तसंच लिहीत गेले. वरचा नंबर द्यायचा हा नियम मला माहीत होता. पण टेप हातात असताना मला तो एकदाही आठवला नाही, आणि पुढे कार्डं भरताना माझेच आकडे माझ्याच हाताने संगणकात गेले तरी मला काही खटकलं नाही.

मी माप घेणाऱ्याचा फिल्टर काढून टाकला. पानावर शाळा, इयत्ता, मुलगे-मुली ठेवले, स्लायडर पुन्हा दोन इंचांवर नेला, आणि रिकामे गट बंद केले. शेठला एवढंच हवंय, असं मी स्वतःला सांगितलं. मग डबा घेऊन खाली गेले.

दुसऱ्या दिवशी नव्या सीझनची पहिली शाळा होती, नेरूळला. मी शेठला म्हणाले, ताईंबरोबर मी जाते. ताई शिरवण्याच्या, गावातल्या मूळच्या घरातल्या. नवरा खाडीवर मासेमारीला जायचा. आमच्या युनिटमध्ये त्या काज-बटणाला होत्या आणि सीझनमध्ये मापं घ्यायच्या. नऊवारीवर ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात घालून त्या शाळेत शिरल्या की वॉचमन उठून उभा राहायचा.

मी बाकावर बसून कार्डं लिहीत होते आणि त्या मोजत होत्या. एक मुलगा आला, छाती फुगवून ताठ उभा राहिला. त्यांनी त्याच्या पोटावर टिचकी मारली.

"शास सोर, पोऱ्या. लग्नाला नाय उभा राह्यलास."

पोरगं हसलं आणि हसताना श्वास सुटला. त्यांनी तेवढ्यात टेप धरला. "एकोनतीस." टेप सोडला, पुन्हा लावला. "साडेएकोनतीस. लिव." प्रत्येकाचं दोनदा. रांग लांब होती, शाळेच्या बाई घड्याळ बघत होत्या, पण ताईंची गती तीच.

आठवी-नववीच्या मुली आल्या तेव्हा त्यांनी सगळ्यांना शेजारच्या वर्गात नेलं आणि दार लावून घेतलं. मी विचारलं, "हॉलमध्येच का नाही?"

"पोरी आखरून उभ्या रातात तिकरं," त्या म्हणाल्या, आणि स्वतः खांदे पुढे आणून, अंग चोरून दाखवलं. "पोऱ्यांच्या म्होरं लाजतान. मंग माप खोटं येतं. आन वरीसभर त्याच शर्टात त्याच आखरून फिरतान."

परत येताना रिक्षात मी त्यांना सगळं सांगितलं. मास्तरांचं, शेठचं, चार्टचं, माझ्या तीन नंबरचं. त्या रस्त्याकडे बघत ऐकत होत्या. मला वाटलं होतं, त्या म्हणतील, जाऊ दे गो, होतं असं.

"मास्तरची नोकरी जाल नं मंग," त्या म्हणाल्या.

"हो."

"चुकलं तं सांग. तुना कामावरशी काराचे नाय. तुझ्याशिवाय ती मिशिन कोनला येते?"

त्या हसल्याही नाहीत. शिरवण्याजवळ एलपीच्या सिग्नलला त्यांनी रिक्षावाल्याला थांबवलं, उतरल्या आणि मागे न बघता गावाच्या दिशेने चालायला लागल्या.

शेठचे पप्पा आले त्या दिवशी खालच्या कटिंग टेबलावरच लॅपटॉप ठेवला. कापडाचे थर बाजूला सारले होते. पप्पा खुर्चीवर, शेठ त्यांच्या मागे, मास्तर टेबलाच्या टोकाला हात मागे बांधून. कारागीर आपापल्या मशिनांवर होते पण मशिनांचा आवाज कमी झाला होता.

मी टेकडी दाखवली. शेठ म्हणाला, "बघा पप्पा, मापं एकदम परफेक्ट." मी म्हणाले, "थांबा, अजून आहे." उलव्याची शाळा दाबली, स्लायडर अर्ध्या इंचावर आणला, रिकामे गट दाखवले. त्या दिवशी सकाळी लवकर येऊन मी तो काढलेला फिल्टर पुन्हा टाकला होता. एक नंबर दाबला तर त्या शाळेत काहीच नव्हतं, म्हणून सगळ्या शाळा घेऊन ताईंची टेकडी दाखवली. मग दोन. मग तीन.

"हे काय?" शेठने विचारलं. "मधे मधे उडालंय का?"

"उडालं नाही. ती मापं लिहिलीच नाहीत. एकतीसला तीस लिहिलं. मुलांना एक नंबर लहान शर्ट गेले."

"कोणी? तीन नंबर कोण?"

"मी."

मशिनं आता पूर्ण थांबली होती. शेठचा चेहरा लाल झाला. "मी तुला काय काढायला सांगितलं होतं आणि तू काय..." तो म्हणाला. त्याचे पप्पा मात्र खुर्ची पुढे ओढून स्क्रीनजवळ आले. "तक्रार आलेल्या बाकीच्या शाळा लाव," ते म्हणाले. मी एकेक लावली. बहुतेक ठिकाणी माझा नंबर होता, दोन ठिकाणी सेल्सच्या माणसाचा. ताईंच्या शाळांतून दोन-चार शर्ट परत आले होते, ते दर वर्षी येतात तेवढेच.

पप्पांनी मान हलवली आणि मास्तरांकडे वळून विचारलं, "चहा सांगितला का रे कोणी?"

एवढंच. मास्तरांची कोणी माफी मागितली नाही. शेठ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, तिसऱ्या दिवशी जिन्यातून ओरडला, "तो स्लायडर माझ्या पण लॅपटॉपवर टाकून दे." कॉम्प्युटरवर फर्मे काढणारा माणूस आला नाही. ताईंचा शब्द खरा ठरला, मला कोणी काढलं नाही.

पप्पा आले होते त्याच संध्याकाळी मास्तर वर आले. मी उभी राहिले आणि चुकलं म्हणून सांगायला लागले, तर त्यांनी गळ्यातला टेप काढून माझ्या हातात दिला. "घ्या माजं माप," म्हणाले आणि छाती फुगवून उभे राहिले. साठीचा माणूस, डोळे पत्र्याकडे, श्वास कोंडलेला. मी टेप लावला. "एकोणचाळीस." "बघा बरं पुन्ना." मला ताई आठवल्या. मी त्यांच्या पोटावर टिचकी मारली. ते इतके दचकले आणि इतके हसले की खोकला लागला. "साडेसदतीस," मी म्हणाले. "आता लिवा," ते म्हणाले, आणि टेप परत गळ्यात टाकून खाली गेले.

त्यानंतरचे दोन सीझन मला अजून आठवतात ते त्या पोटमाळ्यावरच्या दुपारींमुळे. मार्चमध्ये कार्डं भरून झाली की मास्तर आणि ताई वर यायचे. तीन खुर्च्या, चहाचे तीन कप, पंखा घरघरतोय. मास्तर फिल्टरला चाळणी म्हणायचे. "सातवीची चाळणी लावा. आता पोरं काडा, पोरी ठेवा." खांब वर-खाली झाले की दोघं वाद घालायचे. या शाळेची मुलं बारीक का? मास्तर म्हणायचे, मापच चुकलं असणार. ताई म्हणायच्या, "नाय, तिकरची पोरां लांबशी चालत येतान, मी बघतंय नं." आणि शेवटी ताईंचंच बरोबर निघायचं.

एकदा मी आठवी-नववीच्या मुलींची दोन वर्षं शेजारी-शेजारी लावली. आधी सेल्सचा माणूस हॉलमध्ये दुरूनच, अंदाजाने माप लिहायचा ती, आणि नंतर ताईंनी दार लावून घेतलेली. टेकडी चांगली दीड इंच उजवीकडे सरकली होती. मास्तरांनी दोन टेकड्यांमधलं अंतर बोटाने मोजलं. मग म्हणाले, "म्हंजे इतकी वर्सं मी पोरींना घट्ट शर्ट कापून देत हुतो." ताई म्हणाल्या, "तुमाला कोन सांगनार?" त्या वर्षीपासून मुलींची मापं त्याच घ्यायच्या, शेठला विचारायला कोणी गेलं नाही.

मग लॉकडाऊनचा तो मार्च आला. अर्ध्या शाळा मोजून झाल्या होत्या. कापडाचे तागे येऊन पडले होते आणि मास्तरांनी पहिले थर पसरले होते. शाळा बंद झाल्या, तीन आठवड्यांसाठी म्हणाले. शेठने पहिले काही महिने सगळ्यांना थोडंफार दिलं, त्याबद्दल मी त्याला नावं ठेवणार नाही. पण जून आला तरी गणवेश कोणाला नको होते, पुढचा जूनही तसाच गेला. मशिनं विकली. मी आवराआवर करायला गेले तेव्हा पोटमाळ्यावर पिवळ्या कार्डांचे गठ्ठे तसेच होते, त्या वर्षीचे, न भरलेले. मास्तर सोलापूरला निघून गेले होते, फर्मे बरोबर घेऊन. काय करणार होते त्यांचं, देव जाणे. मला पुढे वर्षभराने ऐरोलीची नोकरी लागली. मुलाखतीत मला विचारलं, डायनॅमिक हिस्टोग्राम बनवता येतो का. मी हो म्हणाले, आणि डोळ्यांत पाणी आलं म्हणून चष्मा पुसायला काढला.

शाळा पुन्हा सुरू झाल्या त्या आठवड्यात रविवारी सकाळी मास्तरांचा फोन आला. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते.

"मॅडम, पोरं काय घालून गेली वो पहिल्या दिवशी?"

मी त्यांना सांगितलं. उलव्याला बहीण राहायला गेलीय, तिच्याकडे गेले होते तेव्हा शाळा सुटताना बघितलं. बरीच मुलं घरच्या कपड्यांत होती. काहींनी जुना गणवेश चढवला होता, बाह्या कोपरापर्यंत, बटणं उघडी.

ते म्हणाले, "दोन वर्सं. पाचवीतलं पोरगं सातवीत. छातीत किती वाढलं आसंल?"

"तीन इंच?"

"पोरींचं जास्ती धरा."

आणि आम्ही बोलत बसलो. कुठली इयत्ता किती सरकली असेल, कोणाच्या बाह्या किती, कंबर किती. ते आकडा सांगायचे, मी वाढवायची, ते म्हणायचे एवढं न्हाई, अर्धा कमी करा. कपडे बादलीत तसेच. मागून त्यांच्या बायकोने जेवायला हाक मारली तेव्हा ते म्हणाले, "ताईला सांगा, मास्तर इचारत हुते."

मी त्याच दुपारी शिरवण्याला गेले. ताई ओट्यावर बसून सुकट निवडत होत्या. मी निरोप सांगितला. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "मंग मना कां नाय केला फोन? माझा लंबर हाय त्याच्याकरं."